नंतरचा फोटो

फोटोवाला खोटं बोलत नसे. हे त्याची बायकोसुद्धा मान्य करायची, आणि ती सहजासहजी काही मान्य करणारी बाई नव्हती. तो फक्त दिवा हलवायचा.

केस लावून देणाऱ्या दवाखान्यात त्याची खोली अगदी मागे, औषधांच्या कपाटाशेजारी होती. एक फिरतं स्टूल, करड्या रंगाचा पडदा, दोन दिवे आणि फवाऱ्याची एक बाटली, एवढाच त्याचा संसार. नवा पेशंट आला की आधी याच्याकडे. हा त्याला स्टुलावर बसवायचा, डोक्यावर पाण्याचे दोन-चार फवारे मारायचा, दिवा बरोबर टाळूवर आणायचा आणि म्हणायचा, "हनुवटी खाली घ्या." ओले केस डोक्याला चिकटतात, आणि वरून उजेड पडला की जे थोडेफार असतात तेही दिसेनासे होतात. भलेभले त्या दिव्याखाली केविलवाणे दिसायचे. हा झाला 'आधी'चा फोटो. वर्षभरानं तोच माणूस परत आला की सगळं उलट. केस कोरडे, मुळाशी जरा फुगवून विंचरलेले, दिवा समोर, त्याच्यावर पांढरं कापड, आणि "हनुवटी वर. हं, थोडं हसा." हा 'नंतर'चा. दोन्ही शेजारीशेजारी चौकटीत बसवून बाहेर बसायच्या खोलीतल्या भिंतीवर लावायचे.

आता यात खोटं कुठे आहे? डोकं तेच, केस त्याचेच, उजेड तर सगळ्यांचाच. कुणी विचारलं असतं तर फोटोवाल्यानं दिवा कसा हलवतो ते दाखवूनही दिलं असतं. पण कुणी विचारलं नाही. आणि ज्यानं विचारलं, नेमकं त्यालाच त्यानं सांगितलं नाही.

तो विचारणारा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, धाकट्याला यानंच वाढवला. शाळेत घातला, तापात उशाशी बसला, आणि सार्वजनिक तलावावर पोहायला शिकायला पाठवला तोही यानंच. पोरगा पाण्यात जो शिरला तो शिरलाच. मोठा झाल्यावर त्याच तलावावर लहान मुलांना शिकवायला लागला. मुलं त्याला मासासर म्हणायची, घरीही मग सगळे मासाच म्हणायला लागले. त्याला जगात दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं.

पंचविशी गाठायच्या आधीच माशाचे केस जायला लागले. इतरांचे जातात तसेच, कपाळापासून. पण इतरांना बरं असतं, चार केस इकडून तिकडे ओढून दिवस काढता येतात. मासा पडला पाण्यातला माणूस. पाण्यातून डोकं वर काढलं की टक्कल आधी दिसायचं आणि माणूस मागाहून. मुलं पाठीवर बसून टाळूवर तबला वाजवायची. तो हसायचा. एकदा एका मुलीच्या आईनं "जरा तरुण सर नाहीत का हो?" असं विचारलं, त्यावरही तो तिच्यासमोर हसला आणि घरी येऊन जेवला नाही.

"मासा आहे ना तू? माशाला कधी केस असतात का?" असं म्हणून वहिनीनं ताट पुढं सरकवलं. वहिनीची चेष्टा नेहमी मायेची असायची. पण त्या दिवशी ती त्याला लागली.

जेवणं झाल्यावर तो दादापाशी येऊन बसला.

"दादा, दवाखान्यातल्या भिंतीवरचे फोटो तूच काढतोस ना?"

"मग काय भुतं काढतात?"

"खरंच इतकं छान होतं?"

सांगायची वेळ होती ती हीच. फोटोवाल्याच्या ओठांवर आलंही होतं. पण त्याचा स्वतःचा स्टुडिओ केव्हाच बसला होता. जो तो खिशात कॅमेरा घेऊन फिरायला लागल्यावर याच्याकडे कोण येणार? डॉक्टरनं हात दिला नसता तर तोही घरी बसला असता. शिवाय खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते फोटो आवडायचे. आपण काढलेल्या फोटोंवर विश्वास ठेवायची सवय लागली होती त्याला.

"फोटो समोर आहेत की," तो म्हणाला.

वहिनी शिवणाच्या मशीनवर होती. तिनं पाय थांबवला. "अहो, त्या दिव्याचं काय ते सांगा ना त्याला."

"काय सांगू? केस येतात ते खरंच आहे ना? उगीच फाटे फोडू नकोस."

वहिनीनं पुन्हा मशीन सुरू केलं. आणि माशानं ठरवून टाकलं. त्याचा हिशेब साधा होता. फोटो दादानं काढलेत, आणि दादा आपल्याशी खोटं बोलत नाही.

डॉक्टर म्हणजे साखरेत घोळलेला माणूस. त्यानं माशाच्या डोक्यावरून असा हात फिरवला की जन्मदात्यानं काय फिरवावा. "मागचे केस एकेक काढायचे, पुढे लावायचे. तुमचं वय लहान, जखमा भराभर भरतील," म्हणाला. वय लहान म्हणूनच थांबायला हवं होतं, हे मात्र म्हणाला नाही. या वयात केस जायचे थांबलेले नसतात. आज पुढे लावलेले टिकले आणि उद्या त्यांच्यामागचे आपसूक गळून गेले, तर कपाळावर पट्टा उरतो आणि मागं मैदान. मग त्या मैदानात लावायला केस आणायचे कुठून? मागचे तर आधीच उपटून झालेले. हे डॉक्टरला माहीत नव्हतं म्हणता? चांगलं माहीत होतं हो! फोटोवाल्यानंही कानावरून गेल्यासारखं ऐकलं होतं. पण वर्षभरानंतर पेशंटांचं काय होतं हे बघायची त्याच्यावर कधी पाळी आली नव्हती. 'नंतर'चा फोटो झाला की तो माणूस त्याच्या लेखी संपायचा.

ऑपरेशन दिवसभर चाललं. आधी मासा पालथा, मग उताणा. संध्याकाळी बाहेर आला तो कपाळ सुजलेलं, डोळे बारीक झालेले, आणि तरी हसत होता. "दादा, आता पाण्यातून डोकं वर काढलं की बघ तू," म्हणाला.

आणि वर्षभरानं खरंच बघत राहावं असं झालं. पुढे दाट केस, मागे त्याचे स्वतःचे अजून शाबूत. फोटोवाल्यानं त्याला स्टुलावर बसवला, केस फुगवले, दिव्यावर नवं पांढरं कापड चढवलं. "हनुवटी वर. हस." हसायला सांगावं लागलंच नाही. इतका सुंदर फोटो त्यानं आयुष्यात काढला नव्हता. डॉक्टरनं तो भिंतीच्या मधोमध, दारातून येणाऱ्याची नजर पडेल असा लावला. फोटोवाला जाता-येता त्याच्याकडे बघायचा आणि त्याचा ऊर भरून यायचा.

पुढची दोन वर्षं एका दमात सांगून टाकतो, कारण रेंगाळण्यासारखं त्यात काही नाही. मागचे केस गेले. पुढचा लावलेला पट्टा तेवढा राहिला, आणि ओला झाला की एकेक पुंजका वेगळा दिसायला लागला, बाहुलीच्या डोक्यात खोचलेले असतात तसा. मानेच्या वर जिथून केस काढले होते तिथे कसर लागल्यासारखं झालं. सगळंच काढून गोटा करावा, तर वस्तरा फिरवल्यावर मागे पांढऱ्या ठिपक्यांचं रान. म्हणजे ठेवायचीही सोय नाही आणि काढायचीही नाही. तलावातली मुलं आता तबला वाजवत नव्हती. ती त्याच्या डोक्याला हात लावायलाच भ्यायला लागली. एका पोरानं "सरांना काय झालंय?" असं आईला मोठ्यानं विचारलं, आणि आईनं त्याला गप्प केलं. माशानं आधी रबरी टोपी घातली. मग पाण्यात उतरायचं सोडलं. शेवटी तलावाच्या तिकीट खिडकीत जाऊन बसला, कापडी टोपी कानापर्यंत ओढून. पाण्याचा वास नाकात आणि काच मधे.

त्याला जे खात होतं ते मात्र वेगळंच. टक्कल त्यानं पचवलं असतं. कुणी खरं बोलत नव्हतं, ते पचत नव्हतं. शेजारी म्हणायचे, "छान दिसतंय की!" मित्र म्हणायचे, "तू फार मनाला लावून घेतोस." डॉक्टरनं तर कमाल केली. माशाला बाहेरच्या खोलीत त्याच्याच फोटोखाली बसवून ठेवलं, मग आत बोलावून म्हणाला, "शंभर जणांना विचारा, शंभर जण चांगलंच म्हणतील. तुम्ही आरशासमोर कमी उभे राहत जा." मासा बाहेर आला तेव्हा दोन माणसं त्या फोटोकडे बोट दाखवून बोलत होती. त्याला कुणी ओळखलं नाही.

"वहिनी, मला वेड लागलंय का गं?" त्या दिवशी त्यानं टोपी काढून विचारलं.

"वेड तुला नाही लागलं. केसानं गळा कापलाय तुझा, मेल्यांनी," वहिनी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. फोटोवाला वर्तमानपत्र वाचत होता. पान त्यानं उलटलं नाही.

अशा तक्रारी बघायला डॉक्टरांची एक समिती होती. मासा तिकडे गेला. त्याला भरपाईबिरपाई नको होती. त्याच्या दोनच मागण्या होत्या. एक, भिंतीवरचा फोटो उतरवावा, म्हणजे आपल्याकडे बघून आणखी कुणी फसणार नाही. आणि दुसरी, कुणीतरी जाणत्या माणसानं तोंडानं म्हणावं की हे वाईट झालंय. बस. पण समितीची रीत अशी की आधी फोटो बघायचे, फोटोत दम दिसला तरच माणसाला बोलवायचं. माशानं खिशातल्या फोननं काढलेले फोटो त्यांनी अंधुक म्हणून परत केले. आपल्याच टाळूचा फोटो आपण काढणार तरी कसा? आणि आता शेवटची संधी होती. पुन्हा फोटो चालले नाहीत तर तक्रार बंद.

"दादा, तू काढशील?" त्यानं विचारलं. "तू मला पहिल्यांदा स्टुलावर बसवलं होतंस ना, तसा. पाणी मारून, वरून दिवा. तसाच."

फोटोवाल्याला आधी नोकरी आठवली. हे फोटो कुणी काढले ते डॉक्टरला कळायला वेळ लागणार नव्हता. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

"जाऊ दे गेली तर नोकरी," बायको आतूनच म्हणाली. त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं. "मी शिवण वाढवीन. तेव्हा दिव्याचं सांगितलं नाहीत, आता निदान दिवा तरी धरा नीट."

"काढतो," फोटोवाला म्हणाला. "आहे तसा काढतो."

माशानं दादाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवारी दुपारी दोघं जुन्या स्टुडिओत गेले. शटर अर्धं वर केलं. आत शेजारच्या शिंप्याचे कापडाचे गठ्ठे, कोपऱ्यात लाकडी स्टूल, आणि भिंतीवर मळलेला पडदा. लहानपणी मासा शाळेतून इथेच यायचा आणि त्याच स्टुलावर बसून गोलगोल फिरायचा. फोटोवाल्यानं दिवा पुसला, वर टांगला, बरोबर टाळूच्या वर. माशानं नळाखाली डोकं धरलं, टोपी खिशात कोंबली, येऊन बसला.

"मी बघणार नाही हं फोटो," तो म्हणाला. "माझ्याच्यानं बघवणार नाहीत. तूच निवड, तूच पाठव."

"बरं. हनुवटी खाली."

माशानं हनुवटी खाली घेतली. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं.

दोन वर्षं तो या डोक्यासमोर जेवत होता, पण त्यानं ते असं पाहिलं नव्हतं. टोपी असायची, नाहीतर हाच मान फिरवायचा. आता सगळं उघडं होतं. चिकटलेले पुंजके, मधली गुलाबी कातडी, तिच्यावर चकाकणारं पाणी. आणि खाली वाकलेली मान, मार खायला बसल्यासारखी. त्यानं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आला. त्याला तो बघवला नाही. असा फोटो आईनं पाहिला असता तर? समितीतले तीन अनोळखी म्हातारे माझ्या पोराला असं बघणार? त्यानं तो फोटो पुसून टाकला.

"काय झालं?" माशानं विचारलं.

"हललास तू. परत काढू."

माशाच्या डोक्यावरचं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, तो सारखा डोळे मिचकावत होता. "पूस जरा," म्हणून फोटोवाल्यानं टॉवेल दिला. मग माशानं पुसलं ते नीट पुसलं नाही म्हणून स्वतःच पुढे होऊन पुसलं, लहानपणी पुसायचा तसं, कानामागूनसुद्धा. दिवा फार तापत होता, तो थोडा पुढे ओढला. समोर आला तर माशाच्या डोळ्यांवर येऊ लागला, म्हणून त्यावर आपला रुमाल टाकला. आणि मान अशी वाकवून पोरगा अवघडला असेल, म्हणून म्हणाला, "हनुवटी जरा वर घे."

माशानं वर घेतली. दादानं सांगितलं की ऐकायची सवय होती त्याला.

यातलं काहीही फोटोवाल्यानं ठरवून केलं नाही. डॉक्टरची भीती तर त्या घटकेला त्याच्या मनातही नव्हती. नोकरीवर त्यानं केव्हाच पाणी सोडलं होतं. तो फक्त भावाला त्रास होऊ नये एवढं बघत होता, एकेक करून. त्यानं पुढून, बाजूनं, मागून फोटो काढले, घरी जाऊन निवडले, पाठवले. निवडताना त्याला त्यांत सगळं स्वच्छ दिसत होतं. हा पट्टा, हे मैदान, ही कसर. दिसतंय की सगळं, नीट बघणाऱ्याला! त्याला ते ठाऊक होतं म्हणून दिसत होतं, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

निकालाला दोघं बरोबर गेले. समितीच्या कचेरीत खिडकीमागे एक बाई बसली होती, गळ्यात साखळीचा चष्मा, स्वभावानं मोकळी. तिनं नाव विचारलं, यंत्रात बघितलं, आणि वाचून दाखवलं, "निकाल समाधानकारक. तक्रारीत तथ्य आढळत नाही. प्रकरण बंद."

"म्हणजे?" मासा म्हणाला. "मला बोलावलंच नाही त्यांनी."

"फोटो बघूनच ठरतं ना ते." बाईनं चष्मा लावला आणि यंत्राचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे तुमचेच ना? मग तक्रार कसली हो? चांगले भरपूर केस दिसतायत. माझ्या नवऱ्याला दाखवायला हवेत. कुठं केलंत?"

माशानं काचेला कपाळ लावून पाहिलं. फोटोत तो होता. हनुवटी वर, चेहऱ्यावर मऊ उजेड, केस नीट पुसलेले, बोटांनी मागे सारलेले. ओठांच्या कडेला थोडं हसूसुद्धा होतं. दादा कान पुसत होता तेव्हाचं. फोटोवाल्यानंही पाहिलं, आणि त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. भिंतीवर लागावा असा फोटो होता तो.

मासा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मी डोकं भिजवलं होतं ना, दादा? मग पाणी कुठे गेलं?"

बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. माशानं टोपी सारखी केली आणि एकटाच जिना उतरून गेला. त्या दिवसापासून तो घरी यायचा, जेवायचा, वहिनीशी दोन शब्द बोलायचा. दादा समोर आला की उठून जायचा.

सोमवारी फोटोवाला दवाखान्यात गेला तो हाकलून देतील अशा तयारीनं. तक्रारीची प्रत फोटोंसकट दवाखान्याकडे येतेच. डॉक्टर दारातच भेटला. त्यानं याच्या खांद्यावर हात टाकला.

"मला वाटलं होतं तू उलटलास," तो म्हणाला. "भाऊ आहे, मन ओढणारच. पण काय फोटो काढलेस! शेवटी माझाच माणूस निघालास तू."

"डॉक्टरसाहेब, ते फोटो..."

"लावला की!" डॉक्टरनं भिंतीकडे बोट केलं.

माशाच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या शेजारी तिसरी चौकट आली होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तीन वर्षांनंतरही!' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, निकाल समितीनं समाधानकारक ठरवल्याचं.

"उतरवा तो," फोटोवाला म्हणाला. आपला आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"का? शिक्का मारलाय त्यावर जाणत्या लोकांनी."

भिंतीखाली एक तरुण बसला होता, कपाळ नुकतंच मागं सरकायला लागलेलं. तो उठून फोटोजवळ आला. "मला अगदी यांच्यासारखं हवंय," म्हणाला.

"तो माझा भाऊ आहे," फोटोवाला म्हणाला. त्याला पुढं सांगायचं होतं, सगळं सांगायचं होतं.

तरुणाचा चेहरा उजळला. "सख्खा? अहो मग तर विचारायलाच नको!"

डॉक्टर हसला. फोटोवाल्यानं चौकट खिळ्यावरून ओढून काढली, भिंतीचा थोडा गिलावाही बरोबर आला. "वाईट झालंय त्याचं," तो तरुणाला म्हणाला. "फोटोवर जाऊ नका. मी काढलाय तो." पण तोवर डॉक्टर तरुणाच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत घेऊन चालला होता. "घरचं भांडण आहे हो," असं म्हणत होता. दारातून वळून त्यानं फोटोवाल्याला सांगितलं, "ने ती खुशाल. दुसरी प्रत आहे."

चौकट काखेत मारून फोटोवाला रस्त्यानं निघाला तो थेट तलावावर. माशाच्या खिडकीसमोर उभा राहिला. आत मुलांची शिकवणी चालू होती, छपराच्या पत्र्यात मधे काच होती आणि तिच्यातून दुपारचं ऊन सरळ पाण्यावर पडत होतं. माशानं चौकटीकडे पाहिलं. तिच्यावरची अक्षरं वाचली.

"नोकरी सोडून आलो," फोटोवाला म्हणाला. "पण भिंतीवर दुसरा लावतील. त्यांच्याकडे आहे अजून."

मासा एकदम उठला, खिडकी लावून घेतली, बाजूच्या दारानं बाहेर आला आणि काठाकडे चालायला लागला. फोटोवाला मागोमाग. काठावर माशानं सदरा काढला. टोपी काढली. मुलं बघायला लागली. बाकावर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. खिडकीत बसायला लागल्यापासून पहिल्यांदा तो पाण्यात उतरला, डोक्यासकट खाली गेला, आणि दादाच्या पायापाशी वर आला.

बाकावर कुणाचातरी टॉवेल पडला होता. फोटोवाल्याचा हात आपसूक तिकडे गेला.

"टॉवेल नको," मासा म्हणाला. डोळ्यांत पाणी उतरत होतं, ते त्यानं पुसलं नाही. "कॅमेरा आणलायस?"

"नाही."

"मग बघता येईल तुला नीट." तो छातीएवढ्या पाण्यात, काचेच्या बरोबर खाली उभा राहिला. ऊन सरळ टाळूवर येत होतं. "हनुवटी कशी ठेवू?"

फोटोवाल्याला वाटलं, इथून पळून जावं. टॉवेल हातातच होता. तो त्यानं खाली टाकला.

"खाली," तो म्हणाला.

माशानं हनुवटी खाली घेतली. फोटोवाला गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पाहिलं. पुंजके पाहिले, त्यांच्यामधली उघडी कातडी पाहिली. मान थोडी वळवायला सांगून मागचे पांढरे ठिपकेही पाहिले. नजर हटू दिली नाही. पाण्यात एक लहान मुलगी रडायला लागली आणि तिच्या आईनं तिला उचलून घेतलं, तेही त्यानं ऐकलं.

"वाईट झालंय रे," तो म्हणाला. "फार वाईट झालंय. आता दुरुस्तही होणार नाही."

माशाचे खांदे हलायला लागले. हनुवटी त्यानं वर केली नाही.

"परत म्हण," तो म्हणाला.

फोटोवाल्यानं परत म्हटलं.